शाहिराची उपनगरं

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात झाला. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. त्याच दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. या योगायोगामुळे दर १ ऑगस्टला मुंबईच्या उपनगरांत एकाच फलकावर पुण्यतिथी आणि जयंती शेजारी शेजारी नांदतात. एका कोपऱ्यात पगडी, दुसऱ्यात मागे वळवलेले केस आणि कोट. खाली अभिवादन करणाऱ्यांचे चेहरे मात्र दोघांपेक्षाही मोठे. घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून अशाच फलकांखालून मी चिरागनगरच्या दिशेने निघालो. घाटकोपर आणि गोरेगाव या दोन उपनगरांत अण्णाभाऊ राहिले. त्यांच्या गाण्याचा वारसा एका वेगळ्याच, दुखऱ्या रूपात पुढे आला तो मुलुंडला. त्याच क्रमाने जायचं होतं.

साठे कुटुंब मांग समाजातलं. गुन्हेगार जमाती कायद्याची टांगती तलवार असलेल्या या समाजात गावच्या चावडीवरची हजेरी हा रोजच्या जगण्याचा भाग होता. शाळेशी अण्णाभाऊंचा संबंध दीड दिवसाचा, असं सगळेच चरित्रकार सांगतात. गावात दांडपट्टा, लेझीम, तमाशा, पोवाडे यांचं वातावरण होतं आणि शिक्षण झालं ते त्यात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळ आणि कर्ज यांना कंटाळून, कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा, पुढे सरकायचं. वाटेगाव ते मुंबई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने चालून कापलेलं हे अंतर पुढे त्याच्या प्रत्येक ओळीत कुठून ना कुठून डोकावत राहिलं. मुंबईत असताना त्याने गावाकडच्या वारणा नदीकाठाबद्दल लिहिलं, आणि मुंबईबद्दल लिहिलं तेही वारणेकडून आलेल्या माणसाच्या नजरेने.

मुंबईत त्याने हमाली केली, फेरी केली, गिरणीत नोकरी केली. मधल्या काळात गावी परतून नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडातही काही काळ काढला. त्या फडाने दिलेली कमाई मोठी होती: ढोलकी-तुणतुण्याच्या साथीत शब्द कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा, समोरचा प्रेक्षक कधी कंटाळतो, सोंगाड्याने एक वाक्य टाकून बैठक पुन्हा कशी बांधायची. अक्षरओळख मुंबईत झाली, दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरं वाचत. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या सहवासात तो कम्युनिस्ट चळवळीत आला. तिथे त्याने रचलेलं सुरुवातीचं गाणं क्रांतीवर नव्हतं, कॅम्पातल्या डासांवर होतं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. चळवळीत नवा आलेला माणूस सहसा घोषणेपासून सुरुवात करतो. अण्णाभाऊंनी सुरुवात केली ती रात्रभर झोपू न देणाऱ्या गोष्टीपासून. श्रोता आधी हसला, आणि हसता हसता कॅम्पातल्या गटारांकडे त्याचं लक्ष गेलं.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघांची जोड विलक्षण होती. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. ध्वनिक्षेपकाची गरजच पडू नये असा त्यांचा पहाडी आवाज. गव्हाणकर स्वतः लिहिणारे आणि गाणारे. अण्णाभाऊंची लेखणी या दोघांच्या सोबतीने गिरणीच्या फाटकापासून किसान सभेच्या मैदानापर्यंत पोचली. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचं इलेक्शन’ ही त्या काळातली वगनाट्यं. कर्ज, काळा बाजार, निवडणूक असे विषय, आणि सावकारापासून पुढाऱ्यापर्यंत सगळे सोंगाड्याच्या तडाख्यात.

पारंपरिक तमाशाचा क्रम ठरलेला असतो: आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गणातून गणपतीला रजा दिली आणि तिथे मायभूमी, हुतात्मे, कष्टकरी यांना वंदन आणलं. कृष्ण-गवळणींची छेडछाड गाळली. ढोलकी, झीलकरी, हजरजबाबी सवाल-जवाब आणि सोंगाड्या हे सगळं मात्र जागच्या जागी ठेवलं. घराचा पाया तोच, आतली माणसं बदललेली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण पुढे करून तमाशावर बंदी आणली, तेव्हा याच बदललेल्या रूपाला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळालं, आणि या नव्या अवताराचं श्रेय बव्हंशी अण्णाभाऊंकडे जातं. बंदीचा फटका लाल बावट्यालाही बसला. तरी शासनाच्या सोवळेपणातून मराठी रंगभूमीला एक नवा प्रकार मिळावा, हा त्यातला विनोद अण्णाभाऊंच्याच एखाद्या वगात शोभला असता.

स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा १९४३चा. तोवर त्यांनी रशिया नकाशावर तरी नीट पाहिला असेल की नाही, कोण जाणे. बंगालच्या दुष्काळावर लिहिलं तेव्हा बंगालही असंच दूर होतं. केरळातल्या पुन्नप्रा-वायलारच्या लढ्यावर लिहिलं, अमळनेरच्या हुतात्म्यांवर लिहिलं. या रचना आज वाचताना त्यांचं वय जाणवतं. बातमीवर उभं राहिलेलं काव्य बातमीबरोबर जुनं होतंच. टिकली ती वेगळी गाणी.

त्यांपैकी एक मुंबईवरची लावणी. तिला एक मागची कडी आहे. वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, यांनीही मुंबईवर लावणी लिहिली होती. त्यांच्या मुंबईत झगमगाट आहे, मौज आहे, पाहुण्याला दिपवून टाकणारी श्रीमंती आहे. अण्णाभाऊंनी तोच प्रकार, तीच ऐट उचलली आणि मलबार हिलवरून नजर परळकडे वळवली. एकाच तालुक्यातल्या दोन माणसांनी एकाच शहरावर केलेल्या या दोन रचना शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिला शाहीर शहर बघायला आलेला आहे, दुसरा शहरात राबायला.

राबणारा हा शाहीर राहत होता घाटकोपरला. १९५०पर्यंत घाटकोपर मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हतं. त्या वर्षी हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि १९५७ला दहिसर-मुलुंडपर्यंत. चिरागनगरच्या झोपडीत अण्णाभाऊ दोन दशकांहून जास्त राहिले. त्यांच्या नावावर जमा असलेल्या ३०-३५ कादंबऱ्या, डझनभर कथासंग्रह, वगनाट्यं आणि पोवाडे यांतलं बरंच काही इथे लिहिलं गेलं. ‘चिरागनगरची भुतं’ या कथासंग्रहाला तर वस्तीनेच नाव दिलं.

आजचं चिरागनगर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लालबहादूर शास्त्री मार्गाची वर्दळ मागे टाकली की गल्ल्या अरुंद होतात. पत्र्यांवर प्लास्टिक, त्यावर टायर, दारात निळे पिंप, माळ्यावर चढणाऱ्या लोखंडी शिड्या. ऑगस्टच्या पावसात गल्लीतून एका वेळी एकच छत्री पुढे जाते, दुसरीने थांबायचं. भोवतालची जमीन सोन्याच्या भावाची झाली आहे आणि उंच इमारती चहूबाजूंनी डोकावत आहेत. इथे अण्णाभाऊंचं भव्य स्मारक उभारण्याची घोषणा सरकार पातळीवर अनेकदा झाली. पुनर्वसन आणि स्मारक यांची सांगड घालायची ठरलं की किती फायली लागतात, हे उपनगरात राहणाऱ्याला सांगायला नको. वाटेत विचारलं तर पत्ता सांगणारे लगेच भेटले. गाणं विचारलं तेव्हा बहुतेकांनी एकच नाव घेतलं: ‘माझी मैना’.

या रचनेपाशी थांबायला हवं. प्रकार छक्कड. तमाशातला हा चटकदार, खेळकर प्रकार. त्यात शृंगार आणि थट्टा अपेक्षित असते. अण्णाभाऊंनी ती अपेक्षा आधी पुरी केली. मुंबईला निघालेला नवरा गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिची चाल, तिचे दागिने, निरोपाच्या वेळची तिची अवस्था हे सगळं तो सावकाश, एकेक करून सांगत जातो. घाई अजिबात नाही. ऐकणाऱ्या गिरणीकामगारांतल्या निम्म्या-अधिकांची बायकोमुलं रत्नागिरी-साताऱ्याकडे होती, ते स्वतः एका खोलीत दहा-पंधरा जणांत पाळीने झोपत होते. त्यांना या वर्णनात राजकारण दिसण्याचं काही कारणच नव्हतं. मग गाणं मुंबईत येतं, कामाच्या शोधात वणवण होते, शहराची श्रीमंती आणि पोटाची भूक समोरासमोर येतात. आणि बऱ्याच उशिरा, श्रोता पूर्ण ताब्यात आल्यावर, संयुक्त महाराष्ट्राचा लढा दारात उभा राहतो. जशी शाहिराची मैना दुरावली, तसे बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव, गोवा हे मराठी मुलूख दुरावले. विरह तोच, फक्त माणसाच्या जागी भूगोल आला.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५चा. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, आणि पुढच्या काळात आंदोलनात शंभरावर माणसं मेली. सभांमध्ये आचार्य अत्रे, डांगे, एस. एम. जोशी यांची भाषणं व्हायची. पण भाषणाआधी मैदान भरायचं ते शाहिरांसाठी. ‘माझी मैना’ गाजली ती मुख्यतः अमर शेखांच्या आवाजात. १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. गाण्यात नावं घेतलेले मुलूख मात्र राज्यात आले नाहीत. गोवा पुढे पोर्तुगिजांपासून मुक्त झाला आणि वेगळा राहिला, डांग-उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव-कारवार-निपाणी कर्नाटकात. एरवी चळवळ संपली की चळवळीचं गाणं संग्रहालयात जातं. सीमाभागात आजही सभा असली की ही छक्कड कामाला येते, कारण तिच्यातलं मागणं अजून पुरं झालेलं नाही.

अण्णाभाऊंच्या पिढीत अमेरिकेतही असाच एक माणूस होता. वूडी गथ्री, ओक्लाहोमातल्या ओकिमा गावचा, १९१२चा. १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी तिथली शेती उजाड केली तेव्हा कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या विस्थापितांबरोबर तोही निघाला. कम्युनिस्टांच्या वृत्तपत्रात सदर लिहिलं, जुन्या लोकचालींवर नवे शब्द बसवले, बोलल्यासारखं निवांत गायला. १९४० साली त्याची धुळीच्या वादळांवरची गाणी ध्वनिमुद्रित झाली, आणि लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्स याने त्याला तासन् तास बोलतं करून ते सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित केलं. पीट सीगर आणि बॉब डिलन यांची पिढी त्याला गुरू मानत आली. १९६७ला तो न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयात वारला. साम्य उघड आहे, पण फरक जास्त बोलका आहे. गथ्रीला एक गिटार पुरे. मराठी शाहिराला मागे झीलकरी लागतात, ढोलकीवाला लागतो, त्याचं गाणं एकट्याचं होतच नाही. बंदी आणि मतभेद यांत कलापथक विखुरलं आणि अण्णाभाऊंचा हा गळाच गेला. त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या हातून कादंबऱ्यांचा लोंढा आला, तो मला याच्याशी जोडलेला वाटतो. कादंबरीला कागद, कंदील आणि एक माणूस पुरतो.

घाटकोपरहून गोरेगावला जायला पूर्वी दादरचा वळसा घ्यावा लागे, नाहीतर बसमध्ये तास-दोन तास घालवावे लागत. जून २०१४पासून मेट्रो घाटकोपरहून अंधेरीमार्गे वर्सोव्याला जाते. गाडी सुटली की जागृतीनगर, असल्फा, साकीनाका. असल्फ्याला टेकडीवर चढत गेलेली घरं खिडकीतून दिसतात. त्यांच्या भिंती काही वर्षांपूर्वी रंगीबेरंगी करण्यात आल्या आणि प्रवासी फोन काढून फोटो घेऊ लागले. घाटकोपर, विक्रोळी, पवई या पट्ट्यातल्या टेकड्यांत एकेकाळी दगडाच्या खाणी होत्या. मुंबईच्या इमारतींना लागणारी खडी इथे फुटत असे आणि फोडणारे हात देशावरून आलेले असत.

अण्णाभाऊंची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा अशाच उपनगरात घडते. वारणेकाठचा भीमा, अंगापिंडाने पैलवान, मुंबईत काम न मिळाल्याने उपनगरातल्या खाणीवर लागतो. रानात झोपड्यांची वस्ती, बायको, लाडकी मुलगी, दोन वेळचं खाणं. तो सुखात असतो. एक दिवस खाण बंद पडते. हाताला काम उरत नाही तेव्हा स्मशानातल्या राखेत त्याला सोन्याचा कण सापडतो, आणि तो रात्री-बेरात्री मढी उकरू लागतो. शेवटी कोल्ह्यांशी झुंज, मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटं आणि ती कापण्याची वेळ. त्याच सुमारास बातमी येते: खाण पुन्हा सुरू झाली. मराठी कथेत मुंबईची चाळ भरपूर आहे, गिरणी आहे, फोर्टातलं ऑफिस आहे. उपनगर एवढ्या क्रूर रूपात त्या काळी दुसऱ्या कुणी लिहिलं असेल, तर माझ्या वाचनात नाही. मेट्रोचा डबा वातानुकूलित आहे. बाहेरच्या टेकडीवर भीमाची वस्ती कुठे असेल याचा अंदाज घेईपर्यंत मरोळ नाका येतो.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ची. इंग्रजी अमलाविरुद्ध आणि गावच्या भुकेविरुद्ध उभा राहिलेला मांग वीर तिचा नायक. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतले रुपये बाळंतिणीला दिले, अशी आख्यायिका त्यांच्या घरात होती. पुस्तक डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेलं आहे. कम्युनिस्ट शाहिराने आपली सर्वांत मोठी कादंबरी आंबेडकरांना वाहावी, यात त्या काळच्या दलित कामगाराची सगळी ओढाताण आली. १९६१ला तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तमाशातल्या बाईची ‘वैजयंता’ त्याच वर्षी गजानन जागीरदारांनी पडद्यावर आणली. पुढे ‘फकिरा’, ‘टिळा लाविते मी रक्ताचा’, ‘डोंगरची मैना’, ‘मुरळी मल्हारीरायाची’, ‘वारणेचा वाघ’ असे चित्रपट निघाले. त्यांच्या कथांवर चित्रपट निघत होते आणि लेखक झोपडीतच होता. व्यवहार त्यांना जमला नाही, दारूने शेवटची वर्षं पोखरली.

१९६१ हेच वर्ष त्यांच्या रशियाच्या प्रवासाचं. भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संघटनेच्या वतीने ते गेले आणि आल्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. स्टालिनग्राडचा पोवाडा रचल्यावर अठरा वर्षांनी त्यांना तो देश बघायला मिळाला होता. मराठीतलं परदेशाचं प्रवासवर्णन तोवर बहुतेक सुशिक्षित, सुखवस्तू माणसाने लिहिलेलं असे; त्यात बर्फ, संग्रहालयं आणि घरच्या जेवणाची आठवण. वाटेगावहून पायी मुंबईला आलेला माणूस परदेशात काय बघतो? तो रस्ता झाडणारा बघतो, कामगाराच्या अंगावरचे कपडे बघतो, कुणी भीक मागतंय का हे बघतो. भारावून जाणं त्यात भरपूर आहे, आणि सोव्हिएत व्यवस्थेची काळी बाजू पाहुण्याला दाखवली गेली नव्हती हेही उघड आहे. तरीही त्या पुस्तकातली नजर उसनी नाही.

अंधेरीला मेट्रो सोडून पश्चिम रेल्वेची लोकल धरली. जोगेश्वरी, राममंदिर, मग गोरेगाव. अण्णाभाऊंना अखेरीस सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं आणि चिरागनगर सुटलं. गोरेगाव पश्चिमेचा हा भाग, मोतीलालनगर आणि भोवतालच्या वसाहती, मूळच्या बैठ्या. आता पुनर्विकासाचे पत्रे, क्रेन आणि उंच मनोरे यांत त्या काळाची एखादी खूण शोधणं कठीण आहे. नव्या घराचं सुख फार काळ लाभलं नाही. १८ जुलै १९६९ रोजी ते इथे वारले, वयाची एकोणपन्नास वर्षं पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. महिनाभर आधी, १३ जूनला, अत्रे गेले होते. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानाला आवाज देणारी तीन माणसं अडीच महिन्यांत संपली.

प्रभावाचा विचार करताना आधी लोकनाट्याकडे वळावं लागतं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ती वाट घेतली, पु. ल. देशपांडे यांचं ‘पुढारी पाहिजे’ तिथलंच. अण्णाभाऊंच्या एका वगाचं नाव ‘पुढारी मिळाला’ आहे. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५पासून दादा कोंडके यांना घराघरांत नेलं. या मध्यमवर्गीय लोकनाट्यात हजरजबाबीपणा राहिला, कामगाराचा राग विरघळला. दुसरा धागा साहित्याचा. २ मार्च १९५८ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे, असा विचार तिथे मांडला. पुढच्या दीड दशकात उभ्या राहिलेल्या दलित साहित्याला त्यांच्यात एक पूर्वज सापडला. आंबेडकरांवरचं त्यांचं गीत आज आंबेडकरी जलशांत हक्काने गायलं जातं, गाणाऱ्याला लाल बावट्याशी देणंघेणं असो वा नसो.

तिसरा धागा शाहिरीचा, आणि तो पुन्हा पूर्व उपनगरात नेतो. गोरेगावहून बसने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने कांजूरमार्ग, तिथून लोकलने मुलुंड. विलास घोगरे हा शाहीर मुलुंडच्या झोपडपट्टीत राहत असे. आव्हान नाट्य मंचातून तो वस्त्यावस्त्यांत गायचा. पुढे संघटनेपासून दुरावला. आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’ या झोपड्या पाडण्यावरच्या माहितीपटात त्याचं गाणं आहे, हिंदीतलं. या भाषेचं कारण मुलुंड-भांडुपच्या वस्तीत फिरलं की कळतं: एका नळावर सातारा, जालना, जौनपूर आणि कलबुर्गी एकत्र पाणी भरतात. अण्णाभाऊंचा श्रोता गावाकडे तोंड करून बसलेला होता, म्हणून त्यांच्या गाण्यात मैना गावी राहते. घोगरेच्या श्रोत्याची बायको त्याच झोपडीत त्याच्या शेजारी बसलेली आहे आणि सकाळी महापालिकेची गाडी येणार आहे. दूरच्या गावाची जागा पायाखालच्या जमिनीने घेतली.

११ जुलै १९९७ला घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं सकाळी उघड झालं. द्रुतगती महामार्गावर लोक जमले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. १५ जुलैला घोगरेने आपल्या झोपडीत जीवन संपवलं. पटवर्धन यांनी त्याच्या मृत्यूपासून सुरुवात करून चौदा वर्षं चित्रण केलं आणि २०११ला ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला. तीन तासांहून मोठा हा माहितीपट महाराष्ट्रातल्या दलित शाहिरीचा सर्वांत सविस्तर चित्रित दस्तऐवज आहे. त्याच्या नावातले दोन शब्द म्हणजे ‘फकिरा’च्या अर्पणपत्रिकेतलीच ओढाताण.

घोगरेबरोबर आव्हानमध्ये गाणारे संभाजी भगत साताऱ्याकडचे. त्यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाची संकल्पना, गीतं आणि संगीत दिलं. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं हे नाटक २०१२पासून गाजलं. जालन्याकडच्या शेतकरी मुलांनी ते मुंबईच्या व्यावसायिक रंगमंचावर चालवून दाखवलं, आणि त्यात वगाची सोंगं, सवाल-जवाब, थट्टेतून टोचणी सगळं आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला म्हातारा शाहीर नारायण कांबळे वीरा साथीदार यांनी केला आणि त्याच्या तोंडची गाणी भगतांची. एका गाण्यामुळे सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप त्या शाहिरावर असतो, आणि खटला तारखांमागून तारखा चालत राहतो.

अण्णाभाऊंचे सन्मान नंतर खूप झाले. १९८५ला त्यांच्या नावाने विकास महामंडळ निघालं, २००२ला टपाल तिकीट आलं, भायखळ्याच्या नाट्यगृहाला आणि मानखुर्दच्या वस्तीला त्यांचं नाव आहे. १४ सप्टेंबर २०२२ला मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मुलुंड स्टेशनबाहेर जयंतीची मिरवणूक अडलेली होती. ट्रकवर ध्वनिवर्धकांची भिंत, त्यावर चित्रपटातलं नाचाचं गाणं, मागे तीसेक पोरं. अर्ध्या तासाने गाणं बदललं आणि ‘माझी मैना’ लागली, ढोलकीच्या जागी यंत्राचा ठेका घातलेली. चाल तीच होती. पोरांना शब्द पाठ होते, बेळगावपर्यंतचे.